बाहुलीघर आणि फूटपट्टी

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, मेरीलँड राज्याच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांच्या कार्यालयात, अठरा बाहुलीघरं सांभाळून ठेवली आहेत. कुठे स्वयंपाकघर, कुठे न्हाणीघर, कुठे लाकडी केबिन. फडताळातल्या डब्यांना लेबलं आहेत, भिंतीवर कॅलेंडर आहे, खिडक्यांना पडदे आहेत आणि प्रत्येक देखाव्यात कुणीतरी मरून पडलेलं आहे. फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंनी १९४० च्या दशकात हे देखावे उभे केले. माप एका फुटाला एक इंच. लाकूडकामाला सुतार होता. बाहुल्यांचे मोजे मात्र बाईंनी स्वतः टाचण्यांवर विणले. हार्वर्डमध्ये तपास अधिकाऱ्यांसाठी त्यांनी वर्ग सुरू केले होते. तिथे पोलिसांना या घरांसमोर बसवत आणि ठरलेल्या वेळात काय काय दिसलं ते टिपायला सांगत. खुनी कोण हे ओळखणं दुय्यम होतं. निष्कर्षाची घाई न करता आधी सगळं बघायचं, एवढाच धडा होता. हे देखावे आजही तपासाच्या प्रशिक्षणात वापरतात.

लीबाईंना घरच्यांनी कॉलेजात पाठवलं नव्हतं. श्रीमंत घरातल्या मुलीला शोभतील अशा गोष्टी तेवढ्या शिकवल्या: शिवण, विणकाम, नाजूक छोट्या वस्तू करणं. पुढे त्याच हातांनी त्यांनी पोलिसांचं शिक्षण बदललं आणि १९४३ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या राज्य पोलिसांनी त्यांना कॅप्टनचा हुद्दा दिला.

हे उदाहरण मी आधी सांगते, कारण छोटी घरं आणि छोट्या वस्तू करण्याच्या छंदाबद्दल आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. 'किती गोड!' ही पहिली, आणि 'एवढा वेळ असतो कुणाकडे?' ही दुसरी. दोन्हींत हे काम शोभेचं आहे असं धरून चाललेलं असतं. मी उन्हाळी शिबिरांत आणि शनिवारच्या वर्गांत मुलांना, आणि आता बऱ्याच मोठ्या माणसांनाही, हे काम शिकवते. माझं म्हणणं असं की छोटं घर करणं हे मोजण्याचं आणि बघण्याचं अव्वल दर्जाचं शिक्षण आहे. ते शाळेत असायला हवं. पण आज ते ज्या पद्धतीनं शिकवलं जातं, त्या पद्धतीनं ते शाळेत आलं तर काहीही साधणार नाही.

गेल्या काही वर्षांत हा छंद आपल्याकडे पसरला याचा मला मनापासून आनंद आहे. फ्रिजवर चिकटवायच्या मातीच्या थाळ्या, बोटाच्या पेराएवढा वडापाव, पुरणपोळीवर तुपाची धार. हे करणाऱ्या कितीतरी मुली आणि गृहिणी त्यातून चार पैसे कमावतात. कारागिरी खरोखर चांगली असते. मात्र वर्गात काय शिकवतात ते पाहा. एअर ड्राय क्लेचा गोळा घ्या, इतका पिवळा रंग मिसळा, टूथब्रशनं टोचून पोत आणा, वर वार्निश मारा. दोन तासांत सगळ्यांच्या हातात एकसारखा वडा. दुसऱ्या वर्गात लेझरनं कापलेल्या एमडीएफचं किट असतं: एक नंबरचा तुकडा दोन नंबरच्या खाचेत बसवायचा आणि फेविकॉल वाळेपर्यंत धरायचा. तयार झालेलं घर बहुधा कुठल्यातरी परक्या गावातलं कॅफे असतं, बाहेर फुलांच्या कुंड्या, आत पुस्तकांची मांडणी. हात गुंतलेले असतात, मन शांत होतं, हे मला मान्य आहे. आजारातून उठलेल्या माणसाला किंवा कामानं पिचलेल्या तरुणाला एवढंच हवं असेल तर किट उत्तम. पण याला शिकणं म्हणता येत नाही. घर बांधताना घ्यायचे सगळे निर्णय कारखान्यातल्या कुणीतरी आधीच घेतलेले असतात. मुलाच्या वाट्याला उरतं चिकटवणं.

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मातीला हात लावायचा नाही. घरी जायचं, मोजपट्टी घ्यायची आणि स्वयंपाकाचा ओटा मोजून आणायचा. उंची, खोली, लांबी. दाराची चौकट मोजायची, जिन्याची पायरी मोजायची. बसायच्या पाटाची उंची मोजायची. दुसऱ्या दिवशी या मापांना बारानं भागायचं. एका फुटाला एक इंच हे प्रमाण जगभर बाहुलीघरांसाठी रूढ आहे आणि आपल्या सुतारकामाला ते फारच सोयीचं पडतं, कारण आपले मिस्त्री अजून फूट, इंच आणि सुतात बोलतात. सात फुटांचा दरवाजा सात इंचांचा होतो. ओटा साधारण बत्तीस ते चौतीस इंच असतो, तो पावणेतीन इंचांच्या आसपास येतो. आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. छोट्या घरात एक सूत चुकलं तर खऱ्या घरात दीड इंच चुकलं. पायरी दीड इंच उंच झाली तर माणूस ठेचकाळेल. ही गोष्ट सातवीतल्या मुलाला फळ्यावर गुणोत्तर शिकवून कधी कळत नाही. त्यानं स्वतः केलेला जिना वरच्या मजल्याला पोचेना झाला की लगेच कळते.

पुढची पायरी अधिक रंजक आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही बारापट कमी झाल्या की आकारमान १,७२८ पट कमी होतं. सतरा-अठरा किलोचं जातं त्याच दगडातून घडवलं तर दहा ग्रॅमचं होईल. म्हणून छोट्या वस्तू दिसायला अचूक असल्या तरी त्यांचं 'बसणं' खोटं वाटतं. जातं जमिनीवर ठेवल्यासारखं दिसत नाही, तरंगल्यासारखं दिसतं. मुरलेले कारागीर त्यावर उपाय करतात. वस्तूच्या तळाशी जमीन किंचित दाबतात, कडेला अंधुक सावली रंगवतात. कापडाचं तर फारच अवघड. दोरीवर टाकलेली खरी साडी स्वतःच्या वजनानं खाली पडते, तिला झोल येतो. तिच्याच कापडाचा सहा इंचांचा तुकडा ताठ उभा राहतो. मग जुन्या, धुवून धुवून विरलेल्या मलमलीचा शोध सुरू होतो. फेविकॉलच्या पाण्यात भिजवून, निऱ्या टाचणीनं धरून ती वाळवावी लागते. लाकडाचंही तसंच. सागवान हे लाकडांतलं राजेशाही लाकूड, पण त्याच्या मोठ्या रेषा छोट्या टेबलावर ओंडक्यासारख्या दिसतात. तिथे शिवण किंवा हेद यांसारखं बारीक पोताचं लाकूड लागतं. भौतिकशास्त्र, वनस्पतीशास्त्र, भूमिती यांच्या पुस्तकांतले धडे इथे हाताला अडतात म्हणून समजतात. किटमध्ये यातलं काहीच अडत नाही, कारण अडू नये याची व्यवस्था करूनच ते विकलेलं असतं.

या छंदावरचा एक आक्षेप जुना आहे आणि मला तो गंभीरपणे घ्यावासा वाटतो. बाहुलीघर म्हणजे मुलींना चुलीला जुंपायची पूर्वतयारी. इतिहास या आक्षेपाच्या बाजूनं बोलतो. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये १६३१ साली आना कोफर्लिन या बाईंनी एक मोठं बाहुलीघर करून प्रवेशमूल्य लावून लोकांना दाखवलं. मुलांनी ते बघून घर कसं चालवायचं ते शिकावं, हा हेतू त्यांनी उघड सांगितला होता. न्यूरेंबर्गची छोटी स्वयंपाकघरं पुढे पिढ्यान् पिढ्या मुलींच्या हाती दिली गेली. आपली भातुकली काय वेगळी होती? पितळेची चूल, परात, झारा, रोळी, वेळणी, सोऱ्या, ओगराळं, पाटा-वरवंटा, घंगाळ, बंब. सगळा संसार पोरीच्या फ्रॉकच्या ओच्यात मावेल एवढा. मुलगे त्याच सुट्टीत अंगणात किल्ला करायचे. मुलीला ओटा, मुलाला बुरूज, ही वाटणी कुणी लिहून ठेवली नव्हती, तरी चुकून कधी मोडत नव्हती.

यावर भातुकली टाकून द्या असं म्हणणं मला पटत नाही. वाटणी मोडा, असं मी म्हणते. माझ्या वर्गात मुलगे स्वयंपाकघर करतात आणि मुली किल्ला करतात. निवड नंतर, आधी हे सक्तीनं. यातून जे घडतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. ओटा मोजायला सांगितलेल्या एका मुलाच्या ध्यानात आलं की आपल्या आईला ओटा उंच पडतो, म्हणून ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटते. त्या घरात तो जन्मापासून राहत होता. आईला पाटावर उभी राहिलेली रोज बघत होता. पण मापं हातात आल्यावर त्यानं विचारलं, हा ओटा कुणाच्या उंचीला धरून बांधला? दुसऱ्या एकाला मोरीतून पाण्याची कळशी ओट्यापर्यंत किती पावलं न्यावी लागते हे मोजावंसं वाटलं. घरकामाचं ओझं यावर निबंध लिहायला दिला असता तर दोघांनीही ठरावीक चार वाक्यं लिहिली असती. छोटं स्वयंपाकघर करताना बाईचे श्रम त्यांना इंचांत दिसले. भातुकलीवरचा आक्षेप खरा आहे, आणि त्याला माझ्याजवळ असलेलं उत्तर हेच आहे.

मुली किल्ला करतात तेव्हा वेगळीच गंमत होते. दिवाळीचा किल्ला हा आपला अस्सल छोट्या वस्तूंचा खेळ. दगड-माती रचायची, गोणपाट टाकून चिखल लिंपायचा, अळीव-मोहरी पेरायची, मावळे उभे करायचे. त्यात दरवाजापेक्षा वाघ मोठा असतो आणि बुरुजापेक्षा मावळा. आठ वर्षांच्या पोरानं तसाच करावा. तो खेळ आहे, त्यात मापाला जागा नाही. पण बारा-तेराव्या वर्षी याच किल्ल्याकडे पुन्हा यावं. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये असा दडवला आहे की वळण घेतल्याशिवाय तो दिसत नाही. शत्रूला सरळ धाव घेऊन त्यावर धडक मारता येत नाही. ही गोमुखी रचना पुस्तकात वाचून पाठ होते. मातीत करून बघितली, आणि पेन्सिलीएवढा ओंडका घेऊन दारावर सरळ नेऊन बघितला, की ती उमगते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आपण फटाके वाजवले, फलक लावले. त्याच वर्षीच्या दिवाळीत बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले विकायला होते, आणि लोक ते गाडीत घालून घरी नेत होते. मला याचं फार वाईट वाटतं. गडांचा अभिमान बाळगणाऱ्या समाजानं आपल्या मुलांच्या हातून गड करण्याचा खेळही विकत घ्यावा, हे मला समजतच नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. हा श्रीमंतांचा चाळा आहे, असं म्हणतात. पुन्हा इतिहास दुजोरा देतो. ॲमस्टरडॅमच्या राइक्समुझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या व्यापाऱ्याच्या बायकोचं सतराव्या शतकाच्या अखेरीचं बाहुलीघर आहे. त्यावर झालेल्या खर्चात त्या काळी कालव्याकाठचं खरं घर आलं असतं, असं सांगतात. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एडविन लचन्स यांनी बाहुलीघर रचलं. तेच लचन्स, ज्यांनी त्याच वर्षांत आपली नवी दिल्ली आखली. १९२४ साली पूर्ण झालेल्या त्या घरात नळाला पाणी येतं, दिवे लागतात, आणि ग्रंथालयात त्या काळच्या लेखकांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलेली बोटाएवढी पुस्तकं आहेत. दीड हजारांच्या आसपास कारागीर आणि कलावंत त्यावर राबले. शिकागोतल्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या ६८ छोट्या खोल्या नार्सिसा थॉर्न या श्रीमंत बाईंनी १९३० च्या दशकात करवून घेतल्या.

पण या शेवटच्या उदाहरणाकडे जरा थांबून बघा. तो महामंदीचा काळ होता. फर्निचर घडवणारे, कोरीवकाम करणारे कुशल लोक कामाविना बसले होते. थॉर्नबाईंनी त्यांना काम दिलं. खोल्या आज त्या बाईंच्या नावानं ओळखल्या जातात, आणि हे मला खटकतंच. तरी त्या कारागिरांची विद्या त्या काचेमागे जिवंत राहिली, हेही तितकंच खरं. माझा मुद्दा असा आहे की या कामात खर्च होतो तो मुख्यतः माणसाच्या वेळेचा आणि कौशल्याचा. साहित्य स्वस्त आहे. माउंट बोर्ड, आइस्क्रीमच्या काड्या, जुनं कापड, कॉर्नफ्लॉवर आणि फेविकॉल शिजवून घरीच होणारी माती, एक धारदार कटर, एक लोखंडी पट्टी. मग प्रश्न उरतो की कौशल्य ज्यांच्याकडे आहे त्यांना आपण काय देतो?

सावंतवाडीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिथल्या चितार आळीतली लाकडी फळं, भाज्या, भातुकली आणि खेळणी आपल्या कितीतरी पिढ्यांच्या बालपणात होती. पांगाऱ्याचं हलकं लाकूड कातायचं, त्यावर लाखेचे रंग चढवायचे. राजवाड्यात भोसले घराण्यानं गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हातानं रंगवण्याची कला पुन्हा उभी केली, ती चितारी कारागिरांना हाताशी धरूनच. या माणसांना वांगं कसं कातायचं हे विचारा. देठाशी ते किती आवळतं, पोट कुठे फुगतं, लाकडाच्या रेषेच्या कोणत्या दिशेनं पटाशी चालवली तर कड फुटत नाही, हे ते बोलता बोलता दाखवतील. छोट्या वस्तू शिकवण्याचं एवढं तयार ज्ञान आपल्या घरात असताना आपले हौशी लोक परक्या व्हिडिओंवरून लंडनच्या दिवाणखान्यातली शेकोटी करायला शिकतात. शेकोटी जरूर करावी. पण सोऱ्या, कंदील, बंब, फिरकीचा तांब्या या वस्तू करणारं नवं माणूस मला क्वचित भेटतं, आणि खऱ्या वस्तू तर माळ्यांवरून मोडीत चालल्या आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, घरगुती भांडी यांचा जो खजिना आहे, तो काचेबाहेरून दहा मिनिटांत बघून मुलं पुढे सरकतात. एकेका मुलानं एकेक अडकित्ता निवडून, समोर बसून, त्याचं रेखाटन करून तो इंचाएवढा घडवला तर संग्रहालय आणि शाळा दोन्ही आपापलं काम करतील.

मुंबईत भायखळ्याला, राणीच्या बागेच्या दारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत: नाना जातीजमातींची, नाना धंद्यांची माणसं, त्यांच्या पगड्या, लुगडी, हत्यारं, गावगाड्याचे देखावे. साम्राज्याच्या नजरेनं माणसांची वर्गवारी करायला त्या केल्या होत्या, हे विसरता कामा नये. कोण कुठल्या खान्यात बसतं हे ठरवणाऱ्याच्या हाती तेव्हा सत्ता होती. पण त्याच कारणानं मला वाटतं की आता आपण आपल्या हातानं आपलं जगणं करून ठेवलं पाहिजे.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. तिच्यात सहा-आठ माणसांनी संसार केले, गिरणीच्या पाळ्या केल्या, गणपती बसवले, शाहिरी ऐकली. आता पुनर्विकास चालू आहे आणि वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या इमारतीतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. लोकांना मोठं, स्वतःचं घर मिळतंय याचा आनंदच आहे. चाळीच्या आठवणींचे कढ काढून कुणाला सार्वजनिक संडासाच्या रांगेत परत पाठवायचं नाही. पण जुनी खोली पाडण्याआधी त्या घरच्या मुलानं ती मोजून ठेवावी, एवढं तरी करता येईल. समजा ती दहा बाय सोळा फूट आहे. एका फुटाला एक इंच धरलं तर दहा बाय सोळा इंच: साध्या अभ्यासाच्या टेबलावर मावते. त्यात पोटमाळा किती उंचीवर होता, मोरी कुठल्या कोपऱ्यात, कॉट कुठे, कॉटखाली कोण झोपायचं, टीव्ही आल्यावर देव्हारा कुठे हलला. हे सगळं आजीला विचारल्याशिवाय करताच येणार नाही. फोटोत खोली दिसते, पण फोटो काढणाऱ्याला असले प्रश्न विचारावे लागत नाहीत. आणि चाळच कशाला? कोकणातलं मांगराचं घर, विदर्भातली धाब्याची घरं, गोव्यातल्या घराचा बलकांव (दारापुढची बसायची ओसरी), दुबईत किंवा न्यू जर्सीत आईवडिलांनी सुरुवातीला घेतलेला एका खोलीचा फ्लॅट. मराठी माणूस जिथे राहिला ते सगळं यात येतं.

आता शाळेकडे येते. कार्यानुभव हा विषय आपल्या प्राथमिक शाळांत आहे. अनेक ठिकाणी तो 'प्रकल्प' नावाखाली स्टेशनरीच्या दुकानात विकला जातो, किंवा रात्री अकरा वाजता आईच्या हातून पूर्ण होतो. शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. साठ मुलांचा वर्ग, एक तास, साहित्याला पैसे नाहीत, आणि मूल्यमापनात मोजला जातो तो तयार झालेल्या वस्तूचा देखणेपणा. देखणेपणाला गुण असतील तर पालक देखणी वस्तू विकत आणणारच. ज्या दिवशी गुण मापांच्या वहीला मिळतील, त्या दिवशी दुकानातल्या वस्तूचा उपयोग संपेल. मुलानं काय मोजलं, कुठे चुकलं, दुसऱ्यांदा काय बदललं, हे त्या वहीत दिसतं. वाकडी झालेली खिडकी आणि तिच्याशेजारी 'चौकटीची जाडी धरायला विसरलो' ही ओळ, याला मी सरळ तयार केलेल्या खिडकीपेक्षा जास्त गुण देईन.

हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना मी आपल्याच राज्यातली दोन उदाहरणं दाखवते. पाबळच्या विज्ञान आश्रमानं, १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी तो सुरू केल्यापासून, हातानं काम करत शिकण्याची पद्धत ग्रामीण शाळांपर्यंत नेली. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रातून टाकाऊ वस्तूंची खेळणी घरोघर पोचवली. दोघांनीही महागडं साहित्य मागितलं नाही. आणि दूरचं उदाहरण हवं असेल तर फिनलंडनं हस्तकला १८६६ पासून शालेय शिक्षणात सक्तीची केली आहे, मुलगे आणि मुली दोघांनाही आज ती शिकावी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत, आणि त्या दिवसांत सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे शिकायला जावं असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. वाट कागदावर मोकळी आहे.

मला आणखी एक सुचवायचं आहे. आपल्याकडे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा आहेत. खेडोपाडीची लाखो मुलं त्या देतात, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, आणि त्या परीक्षांमुळेच कित्येक गावांत चित्रकलेचा शिक्षक टिकून आहे. तशीच एक परीक्षा मोजून घडवण्याच्या कामाची असावी. परीक्षागृहात तीन तासांत काही करायचं नाही. वर्षभरात केलेली एक छोटी खोली किंवा तीन वस्तू, सोबत मापांची वही, असं काम जाणकारांपुढे ठेवायचं. अमेरिकेतल्या मिनिएचर (छोट्या वस्तूंच्या) कारागिरांच्या गिल्डमध्ये, म्हणजे संघटनेत, 'आर्टिझन' आणि 'फेलो' हे दर्जे असेच, काम प्रत्यक्ष तपासून दिले जातात. त्यांच्या मेन राज्यातल्या शाळेत वयानं मोठी माणसं आठवडाभर राहून एखादी खुर्ची किंवा कपाट करायला शिकतात, आणि शिकवणारे असतात ते स्वतः त्या वस्तू करून पोट भरणारे लोक. आपल्या परीक्षेचे परीक्षकही असेच हवेत: तांबट, सुतार, चितारी, कुंभार. ज्यांच्याकडे पदवी नाही पण हात आहे, त्यांनी पदवीधरांच्या मुलांना गुण द्यावेत.

नव्या यंत्रांबद्दल कुणी विचारेल. थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर यांना माझा विरोध नाही. ज्यानं बंब मोजून त्याची आकृती संगणकावर स्वतः काढली, त्यानं काम केलं. यंत्रानं फक्त कापलं. दुसऱ्याची फाइल उतरवून छापली तर ते किटच झालं. तेरा-चौदा वर्षांची मुलं हा फरक चटकन पकडतात. अडतात ते पालक, कारण त्यांना समारंभात मांडायला गुळगुळीत वस्तू हवी असते.

म्हणून येत्या पालकसभेत तीन गोष्टी मागा. दहा दप्तरमुक्त दिवसांपैकी निदान तीन दिवस गावातल्याच एका कारागिराला द्या. त्याला शाल-श्रीफळ देऊन बोळवू नका. त्या दिवसांत तो कामावर जे कमावतो त्यापेक्षा कमी नसेल इतकं मानधन द्या आणि ते त्याच दिवशी द्या. कटर आणि करवत हाताळायच्या असल्यानं दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस सोबत ठेवा. पालकांनी पाळी लावून ती जबाबदारी घ्यावी. आणि तीन दिवसांनंतरच्या प्रदर्शनात टेबलावर वस्तूच्या आधी मापांची वही ठेवा, उघडून.